वालाच्या दाण्यातील प्रथिने आणि पचनाचे रसायन

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून, माहुलीच्या डोंगरापासून माळशेज आणि नाणेघाटापर्यंतच्या या पट्ट्यात पावसाळ्यात खाचरांत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई, आणि भात कापून झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल, असा पिकांचा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी येथून मुंबईला जाते. वालाला मात्र पाटाचे पाणी लागत नाही, तो जमिनीतील ओल आणि पहाटेचे दव यांवर वाढतो, हवेतील नायट्रोजन मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने बांधून घेतो आणि त्या नायट्रोजनाचा मोठा भाग दाण्यात प्रथिनांच्या रूपाने साठवतो. वाळलेल्या वालाच्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच तांदळात ती ७ ते ८ ग्रॅम असतात. या दोन आकड्यांवरून वाल हे गरिबाच्या ताटातील प्रथिनांचे भांडार ठरते, आणि ते खरेही आहे. परंतु दाण्यात असलेले प्रथिन आणि शरीराला मिळालेले प्रथिन या दोन वेगळ्या राशी असून, त्यांच्यामधील अंतर कशाने पडते आणि ते कसे भरून काढता येते, हा प्रश्न प्रथिनांच्या रचनेपर्यंत गेल्याशिवाय सुटत नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब शृंखला. अमिनो आम्ल हा लहान रेणू असून त्याच्या मध्यवर्ती कार्बनच्या एका बाजूस नायट्रोजनयुक्त अमिनो गट, दुसऱ्या बाजूस आम्लगट आणि तिसऱ्या बाजूस प्रत्येक अमिनो आम्लागणिक बदलणारी अशी एक शाखा असते. सजीवांच्या प्रथिनांत मुख्यत्वे २० प्रकारची अमिनो आम्ले आढळतात. एकाचा आम्लगट आणि पुढच्याचा अमिनो गट यांच्यात पाण्याचा एक रेणू बाहेर पडून जो बंध तयार होतो, त्यास पेप्टाइड बंध म्हणतात. शृंखलेतील अमिनो आम्लांचा क्रम ही प्रथिनाची पहिली ओळख होय, परंतु प्रथिनाचे कार्य ठरते ते त्या शृंखलेच्या घडीवरून. ती कोठे मळसूत्रासारखी वळते, कोठे शेजारच्या पट्ट्यांशी समांतर बसून पदरासारखी पसरते, आणि मग हे सर्व भाग एकमेकांवर कसे दुमडतात, यावर तिचे अंतिम रूप अवलंबून असते. शृंखलेच्या कण्याला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या नाही, याचे नकाशे मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये काढले, आणि जगभरात प्रथिनाची कोणतीही नवी रचना आजही त्याच आलेखावर तपासून पाहिली जाते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकराची घडी रसायनांनी पूर्णपणे मोडली आणि ती रसायने काढून घेताच शृंखला आपल्या मूळ घडीत परतून पुन्हा कार्यक्षम होते असे दाखवले. घडीची सर्व माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, या निष्कर्षासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विकर म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग प्रचंड प्रमाणात वाढवणारे आणि स्वतः अखेरीस तसेच राहणारे प्रथिन. सामान्य तापमानाच्या, आम्लही नाही आणि अल्कही नाही अशा पाण्यात पेप्टाइड बंध आपोआप तुटण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि माणसाला मात्र जेवणातील प्रथिने काही तासांत तोडावी लागतात. ही तफावत विकरे भरून काढतात. स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात लहान आतड्यात येणारे आणि तेथील एका दुसऱ्या विकराने आरंभीचा छोटा तुकडा कापल्यावर सक्रिय होणारे ट्रिप्सिन हे या कामातील प्रमुख विकर होय. सव्वादोनशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या या रेणूत रूढ क्रमांकनानुसार ५७ व्या स्थानी हिस्टिडीन, १०२ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्ल आणि १९५ व्या स्थानी सेरिन असते. शृंखलेत एकमेकांपासून दूर असलेली ही तीन अमिनो आम्ले घडीमुळे शेजारी येतात आणि त्यांच्या परस्परसाहाय्याने सेरिनमधील ऑक्सिजन पेप्टाइड बंधावर हल्ला करू शकतो. त्यांच्या लगत एक खोलगट खाच असून तिच्या तळाशी ऋण भाराचे ॲस्पार्टिक आम्ल असते, त्यामुळे त्या खाचेत धन भाराची लांब शाखा असलेली लायसिन आणि आर्जिनिन ही दोनच अमिनो आम्ले नीट बसतात, आणि ट्रिप्सिन शृंखला नेमकी त्यांच्याच पुढे कापते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्याचे भक्ष्य यांच्या नात्याला कुलूप आणि किल्ली यांची उपमा दिली, तेव्हा असे एकही कुलूप कोणी पाहिलेले नव्हते. ट्रिप्सिनच्या बाबतीत ती उपमा जवळजवळ शब्दशः खरी ठरली.

आता प्रश्न असा की, वनस्पतीने आपल्या पुढच्या पिढीसाठी साठवलेले प्रथिन कोणीही खाऊन पचवावे, यात वनस्पतीचे हित काय? शेंगा पोखरणारी अळी, साठवणीतील भुंगे आणि दाणे टिपणारे पक्षी या सर्वांच्या पोटात ट्रिप्सिनसारखीच विकरे असतात. द्विदल वनस्पतींनी यावर काढलेला उपाय असा की, साठवणीच्या प्रथिनांबरोबर दाण्यात अशी काही लहान प्रथिने भरून ठेवायची, जी ट्रिप्सिनच्या खाचेत अचूक बसतील पण कापली जाणार नाहीत. यांना ट्रिप्सिन-निरोधक म्हणतात. त्यांच्या परिणामाची चाहूल रसायनशास्त्राला बरीच आधी लागली होती: ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवले की, कच्चे सोयाबीन खाणारे उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर वाढतात. प्रथिन तेच आणि तितकेच असताना केवळ उष्णतेने हा फरक का पडावा, हे मात्र तेव्हा उलगडले नाही.

ते उलगडण्यासाठी विकर म्हणजे नक्की काय, हेच आधी ठरावे लागले. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये, आपल्याकडील अबईच्या जातभाईतून म्हणजे जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून, युरिएज हे विकर स्फटिकरूपात काढले आणि विकर हे प्रथिन असते असे सांगितले. पुढच्या काही वर्षांत नॉर्थ्रॉप आणि कुनिट्झ यांनी पेप्सिन, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन यांचे स्फटिक मिळवले, आणि १९४०च्या दशकाच्या मध्यास कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील ट्रिप्सिन-निरोधकही स्फटिकरूपात वेगळा केला. स्फटिक मिळणे याचा अर्थ असा की, हाती असलेला पदार्थ अनेक गोष्टींचे अनिश्चित मिश्रण नसून ठरावीक रचनेचा रेणू आहे. त्या काळच्या जीवरसायनशास्त्रात याहून मोठा पुरावा नव्हता.

याच परंपरेत वालाचा दाणा प्रयोगशाळेत आला तो मुंबईत, कमला सोहोनी यांच्या हातून. १९११ मध्ये इंदूर येथे जन्मलेल्या कमला भागवत या रसायनशास्त्रज्ञ वडिलांच्या कन्या आणि पुढे विख्यात लेखिका झालेल्या दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. त्यांनी तो नकार मानला नाही आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षाधीन अटीवर प्रवेश मिळवला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांच्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या विभागात गेल्या, आणि बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असते हे दाखवून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून ओळखल्या जातात. केंब्रिजच्या कीर्तीवर त्यांना परदेशी प्रयोगशाळांतील प्रतिष्ठित प्रश्न निवडता आले असते. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि त्यांनी निवडले ते सामान्य माणसाच्या ताटातील पदार्थ: नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ. हा निर्णय त्यांच्या कार्याचा गाभा मानावा लागेल, कारण भारतीय जीवरसायनशास्त्राने येथल्या भुकेचे प्रश्न आपले मानावेत की नाही, याचे उत्तर त्यात होते.

१९५४ मध्ये सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-निरोधकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिन-निरोधक स्फटिकरूपात मिळवल्याचे जाहीर केले. कोकणपट्टीतील स्वयंपाकघरांत शतकानुशतके भिजत पडलेल्या वालात हा रेणू होताच. तो दाण्यातून वेगळा करून त्याला निश्चित पदार्थ म्हणून उभे करण्याचे काम मुंबईत झाले.

वालातील निरोधक ज्या कुळात मोडतो, त्याला बोमन आणि बर्क या दोन शास्त्रज्ञांची नावे मिळाली आहेत. त्याचा नमुनेदार प्रतिनिधी सोयाबीनमधील असून त्यात अवघी ७१ अमिनो आम्ले असतात. या लहान शृंखलेत सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या १४ जागा असून त्या दोन-दोन करून जोडल्या गेल्याने गंधकाचे ७ सेतू तयार होतात. कुनिट्झ यांनी काढलेला सोयाबीनचा दुसरा निरोधक १८१ अमिनो आम्लांचा असूनही त्यात असे सेतू दोनच आहेत, आणि दोहोंतील हा फरक स्वयंपाकाच्या दृष्टीने निर्णायक आहे. बहुतेक प्रथिनांची घडी हायड्रोजन बंधांसारख्या दुबळ्या आकर्षणांनी टिकलेली असते, त्यामुळे उष्णता लागताच ती विस्कटते. जेथे गंधकाचे सेतू दाट असतात तेथे शृंखला विस्कटण्यास वावच राहत नाही, आणि असा रेणू पोटातील आम्ल, पेप्सिन आणि बेतशीर उष्णता या तिन्हींना पुरून उरतो. सेतूंनी ताठ धरलेल्या त्याच्या एका वळशावर लायसिन किंवा आर्जिनिन असते. ते ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन बसते, विकर ते कापण्याचा यत्न करते, परंतु कापलेली टोकेही सेतूंमुळे जागची हलत नाहीत आणि बंध पुन्हा जुळतो. परिणामी विकर त्या निरोधकाशी जखडलेलेच राहते. याच कुळातील रेणूंना दुसऱ्या बाजूसही असाच एक वळसा असतो आणि त्याने कायमोट्रिप्सिन हे दुसरे पाचक विकर अडवता येते.

शरीरावर होणारा परिणाम येथेच थांबत नाही. उंदीर आणि कोंबडीची पिल्ले यांच्यावरील प्रयोगांत असे दिसते की, आतड्यातील मोकळे ट्रिप्सिन कमी झाले की स्वादुपिंडाला अधिक विकर स्रवण्याचा संदेश जातो, स्वादुपिंड आकाराने वाढते आणि विकरांच्या रूपाने मौल्यवान अमिनो आम्ले आतड्यात ओतत राहते. स्वादुपिंडाची विकरे सिस्टीनने समृद्ध असतात, आणि कडधान्यांत मुळात ज्यांचा तुटवडा असतो ती गंधकयुक्त अमिनो आम्लेच अशा रीतीने वाया जातात. म्हणजे कच्चा किंवा अर्धाकच्चा वाल आपली प्रथिने पुरती देत तर नाहीच, उलट शरीराजवळची थोडी काढूनही घेतो.

कोकणातील आणि ठाण्याच्या ग्रामीण भागातील स्वयंपाकाने या रेणूचे नाव न घेता त्याच्यावर टप्प्याटप्प्याने मात केलेली आहे. कडवे वाल रात्रभर भिजवतात, पाणी टाकून देतात, फडक्यात बांधून मोड आणतात, कोमट पाण्यात घालून साल काढतात आणि मग डाळिंब्या शिजवतात; या प्रत्येक कृतीने वेगळी गोष्ट साधते आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. भिजवण्याने दाण्यात पाणी शिरते, विरघळणारे काही घटक बाहेर पडतात आणि दाण्यातील झोपलेली विकरे जागी होतात. मोड येताना ही विकरे साठवणीची प्रथिने रोपासाठी तोडू लागतात आणि त्यांबरोबर निरोधकही बराच कमी होतो. फायटेज हे विकर फायटिक आम्ल फोडते, त्यामुळे त्या आम्लाने धरून ठेवलेले लोह आणि जस्त शरीराला अधिक मिळू शकते. आणि ज्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा माणसाला पचवता येत नाहीत व ज्यांच्यामुळे वाल वातुळ ठरतो, त्याही दाण्याच्या स्वतःच्या विकरांनी कमी होतात. साल काढल्याने प्रथिनांना चिकटणारी टॅनिनसारखी कडू-तुरट द्रव्ये जातात. मात्र निरोधक मुख्यतः डाळीतच असल्यामुळे तो सालीबरोबर जात नाही. तो उरतो आणि शेवटच्या टप्प्याची, म्हणजे पुरत्या शिजण्याची, वाट पाहतो.

हा शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून त्याच्याबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. कोरडी उष्णता, म्हणजे नुसते भाजणे, गंधकाच्या सेतूंनी बांधलेल्या रेणूपुढे अपुरी पडते; ओली उष्णता, तीही आधी भिजून फुगलेल्या दाण्यावर आणि पुरेसा वेळ, हाच खात्रीचा मार्ग होय. पाणी शिरलेल्या दाण्यात उकळत्या तापमानाला सेतू हळूहळू तुटतात किंवा चुकीच्या जोड्या जुळवतात, वळसा सैल होतो आणि निरोधक इतर कोणत्याही प्रथिनासारखा पचनीय होऊन जातो. यात एक मोलाची गोष्ट अशी की, बऱ्याच कडधान्यांत सिस्टीनचा मोठा वाटा या निरोधकांतच असतो. त्यामुळे पूर्ण शिजलेल्या वालात पचनाचा शत्रूच गंधकयुक्त अमिनो आम्लाचा पुरवठादार बनतो.

तरीही एकटा वाल पुरा पडत नाही आणि एकटा भातही नाही. शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी नऊ अमिनो आम्ले अन्नातून यावी लागतात. भातात त्यांपैकी लायसिन कमी असते, वालात ते भरपूर असते पण मेथिओनिन कमी असते, आणि दिवसाच्या जेवणात दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. नाचणीत मेथिओनिनचे प्रमाण चांगले असल्याने नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ ही जोडीही तितकीच समर्थ आहे. मात्र नाचणीलाही स्वतःचा पहारा आहे: मणिपाल येथे शिवराज आणि पट्टाबिरामन यांनी १९८१ मध्ये नाचणीतून असा निरोधक वेगळा केला, जो ट्रिप्सिन आणि पिष्ट फोडणारे अमायलेज या दोन्ही विकरांना एकाच वेळी, आपल्या दोन निराळ्या भागांनी, अडवतो, पुढील अभ्यासात त्याची शृंखला १२२ अमिनो आम्लांची असून तिच्यात गंधकाचे ५ सेतू असल्याचे निश्चित झाले. लहान मुलांना नाचणीचे सत्त्व देताना दाणे भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्याची आणि मग शिजवण्याची घरोघरची पद्धत या दृष्टीने पाहिली पाहिजे. प्रथिनांचे मूल्य मोजणाऱ्या शास्त्रालाही या दिशेने यावे लागले: आधी केवळ नायट्रोजन मोजला जाई, १९९१ पासून अमिनो आम्लांचा मेळ आणि पचनीयता यांचा एकत्रित गुणांक रूढ झाला, आणि २०१३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने लहान आतड्याच्या टोकापर्यंत प्रत्येक अमिनो आम्ल किती शोषले गेले, हे मोजण्याची शिफारस केली.

या विवेचनाला एक मर्यादा पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामाने घातली आहे, आणि ती डावलून चालणार नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने जागतिक अन्न व कृषी संघटनेतील आणि नंतर पुण्यातील आपल्या अभ्यासातून असे मांडले की, भारतात ज्याला प्रथिनांची कमतरता म्हटले जाते, ती बहुतांशी एकूण अन्नाची, म्हणजे ऊर्जेची, कमतरता असते. पोटभर न मिळाल्यास शरीर मिळालेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. सुखात्मे यांची सर्व गृहीतके पुढे सर्वांना मान्य झाली नाहीत, परंतु हा मूळ मुद्दा टिकून आहे. पावसाळ्यात घरातील धान्य संपत आलेले असताना वाडीवरच्या कातकरी किंवा ठाकर कुटुंबाला निव्वळ कडधान्याचा उपदेश करणे हे अर्धवट रसायनशास्त्र होय.

निरोधक नसलेले वाण तयार करून हा प्रश्न मुळातच मिटवावा, अशी सूचना अधूनमधून होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण वाल १’ आणि ‘कोकण वाल २’ असे वाण दिले आहेत आणि वालाच्या सुधारणेला वाव आहेच; परंतु निरोधक काढून टाकणे म्हणजे दाण्याचा पहारा उठवणे होय. टोमॅटो आणि बटाटा यांची पाने किडीने कुरतडली की उरलेल्या पानांतही निरोधक वाढतात, हे १९७२ मध्ये अमेरिकेत दिसून आले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी घाटेअळीच्या पचन-विकरांचा अनेक वर्षे अभ्यास करून दाखवले की, ही अळी आपल्या नेहमीच्या यजमान पिकांचे निरोधक चुकवणारी वेगळी विकरे बनवू शकते, म्हणून तिला न सरावलेल्या वनस्पतींचे निरोधक अधिक उपयोगी पडतात. किडीशी चाललेल्या या दीर्घ झुंजीत वालाने कमावलेले शस्त्र शेतकऱ्याला फवारणीचा खर्च वाचवून देते. ते दाण्यात असू द्यावे आणि पातेल्यात निकामी करावे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

त्यामुळे प्रश्न शेवटी पातेल्यापाशी, पाण्यापाशी आणि जळणापाशी येतो. शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेतील आश्रमशाळा, या दोन तालुक्यांतील अंगणवाड्या आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना मिळणारे गरम जेवण, या सर्व ठिकाणी कडधान्याचे वजन ग्रॅममध्ये ठरवले जाते. भिजवण्याचे तास आणि शिजवण्याचा वेळ मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या सोयीवर आणि मिळणाऱ्या इंधनावर सोडलेला असतो. कडधान्याच्या वजनाइतक्याच काटेकोरपणे आदल्या रात्री भिजवण्याची सोय, तितकी मोठी भांडी, टाकून देता येईल इतके पाणी आणि दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत पुरेल इतका गॅस या चार गोष्टी मंजुरीच्या कागदावर आल्या, तर त्याच वालातून त्याच मुलांना आजच्यापेक्षा अधिक लायसिन आणि अधिक लोह मिळू शकेल, आणि त्यासाठी दाण्यांचा एक ग्रॅमही वाढवावा लागणार नाही.